खुनाचा रकाना

शहर म्हटलं की चाकू, गाव म्हटलं की गुरं घरी परतायची वेळ. असला हिशोब आम्हाला शाळेच्या पुस्तकानं शिकवला, सिनेमानं शिकवला, आणि मुंबईत बसून गावासाठी उसासे टाकणाऱ्या लेखकांनी तर फारच शिकवला. आमच्या हापिसातले एक साहेब रिटायर झाल्यावर गावी जाणार म्हणतात. तिथं शांतता असते म्हणे. असेल. त्यांच्या आळीत असेल. आमच्या वस्तीतली शांतता कसली असते ते मला माहीत आहे. मारून झाल्यावरची असते.

मित्रांनो, मी पुढारी नाही, विद्वान नाही. कारकून आहे. पण कारकुनाला रकाने कळतात. कुठला आकडा कुठं बसवला म्हणजे कुठला दिसेनासा होतो, हे आमचं रोजचं काम. म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा २०२१ सालचा अहवाल घेऊन बसलो.

त्या साली देशात खुनाचे २९,२७२ गुन्हे नोंदले गेले. वीस लाखांवर वस्तीच्या १९ महानगरांचा तक्ता ते वेगळा छापतात. त्यात खून १,९५५. २०११ च्या शिरगणतीप्रमाणं त्या महानगरांत ११ कोटी ४० लाखांच्या आसपास माणसं. म्हणजे लाखाला १.७ खून. सगळ्या देशाचा दर लाखाला २.१. त्यातून शहरांची माणसं २०११ सालची धरलेली, दहा वर्षांत ती किती वाढली असतील! तेव्हा खरा दर आणखी खाली. पेपरात रोज रक्तानं माखलेलं दिसतं ते शहर, खुनाच्या बाबतीत देशाच्या सरासरीच्याही खाली निघालं.

मग शहराची एवढी बदनामी कशानं? सगळे गुन्हे एकत्र धरले तर महानगरांचा दर देशाच्या दुपटीहून जास्त येतो. त्यात चोऱ्याच केवढ्या. मोटारसायकल गेली, विम्याचे पैसे हवेत तर पोलिसाचा कागद लागतो. माणूस मुकाट ठाण्यात जातो. ठाणं चार गल्ल्यांवर. लिहून घेणारा चोराच्या भावकीतला नसतो. शहरातला गुन्हा लिहिला जातो, म्हणून दिसतो.

आता गावाचा रकाना शोधा. नाहीच. महानगरं सोडून जे उरलं त्यात जिल्ह्याचं ठिकाण, तालुका, बाजाराचं गाव, सगळं कालवलेलं. आपल्याकडं मोठ्या शहराला पोलीस आयुक्त, बाकी जिल्ह्याला अधीक्षक. 'ग्रामीण' म्हणून जो आकडा येतो त्यात नगरपालिकाही आली आणि वेशीबाहेरची आमची चाळीस घरंही आली. २०११ साली देशातल्या अनुसूचित जातींची शंभरातली ७६ माणसं खेड्यात राहत होती. एवढ्या माणसांवर काय गुदरतं ते सांगणारा वेगळा तक्ता नाही.

खुनाचाच आकडा का धरला? मारहाण दडवता येते. मढं दडवायला कष्ट पडतात. त्यातल्या त्यात भरवसा ठेवावा असा आकडा तोच. पण त्यातही मोजायची रीत बघा. एक फिर्याद म्हणजे एक गुन्हा. एका फिर्यादीत दहा कलमं असली तरी मोजायचं सगळ्यात जड कलम, एकच. बिहारात लक्ष्मणपूर-बाथेला १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेनं ५८ माणसं मारली. असल्या हत्याकांडातली मेलेली माणसं दुसऱ्या रकान्यात जातात, पण खून वाढले की घटले हे बोललं जातं पहिल्या रकान्यावरनं. (आणि २०१३ साली पाटणा हायकोर्टानं त्या खटल्यातले २६ जण निर्दोष सोडले. त्याला कुठला रकाना?)

हे झालं लिहिलेल्याचं. न लिहिलेल्याचं मला दिल्लीच्या अहवालात शोधावं लागत नाही.

आमचं गाव मराठवाड्यातलं. माझ्या आज्यानं महारकी केली. गावात खून पडला की ठाण्याला खबर न्यायची महारानं. चोराचा माग काढायचा महारानं. बेवारस मढ्याची रात्रभर राखण महारानं. गावातल्या सगळ्या गुन्ह्यांची खबर आमच्या माणसांनी पायी चालत नेली. आमच्यावरच्या गुन्ह्याची खबर कुणी न्यायची, ते गावगाड्यानं ठरवलं नव्हतं. पुढं वतन गेलं. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली पोलीस पाटील आला. आमच्याकडं तो आला तोही ज्यांच्याविरुद्ध खबर द्यायची त्यांच्यातलाच.

१९७८ साली विधानसभेनं विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. टेंभुर्णीला पोचिराम कांबळेला मारलं. मी सात वर्षांचा. आमचं घर जळालं, कणगीतली जवारी जळाली, वर्षभर तिचा खरपूस वास नाकातून गेला नाही. ठाण्याच्या वहीत काय? अकस्मात जळीत. जसं काही चुलीतली ठिणगी उडाली.

१९९१ साली बापाचा हात मोडला. गायरान कसत होता म्हणून. हाड मोडलं तर ती गंभीर दुखापत, दखलपात्र गुन्हा. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू होऊन वर्ष उलटलेलं. तरी बापाच्या हातात ठेवली ती अदखलपात्राची चिठ्ठी, किरकोळ बाचाबाची म्हणून. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं ती चिठ्ठी नीट घडी घालून बाबासाहेबांच्या फोटोमागं ठेवली. गुन्हा दाखल झाला, असंच तो मरेपर्यंत म्हणायचा.

२००९ साली माझी मावसबहीण एका बड्या असामीच्या विहिरीत सापडली. एकोणीस वर्षांची. त्यांच्याच रानात रोजानं जायची. नोंद: अकस्मात मृत्यू, पाय घसरून. तिला अंघोळ घातली माझ्या मायनं. मानेवरचे वळ मायनं बघितले. कुणी तिला विचारलं नाही.

जळीत, बाचाबाची, पाय घसरला. तीनही नोंदी आहेत. वहीत शाई आहे. पण या तिन्ही नोंदींनी आमच्या गावच्या गुन्ह्यांच्या आकड्यात एकाचीसुद्धा भर पडली नाही. गाव शांत आहे ते असं.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाची जी लक्तरं काढली, त्यावर तिथले गावभक्त फार दुखावले होते. आजही दुखावतात. आपली पोरंसुद्धा कधीकधी म्हणतात, आता गाव बदललंय. रस्ता आलाय, मोबाईल आलाय. बदललंय ना. खैरलांजीलाही ग्रामपंचायत होती. २९ सप्टेंबर २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, आणि देशाला ते नीट कळलं नोव्हेंबरात, नागपूरच्या वस्त्या रस्त्यावर आल्या तेव्हा. गावातला खून शहरातल्या आपल्या माणसांनी ओरडून लिहायला लावला. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. हायकोर्टानंही २०१० साली धरला नाही. फाशीही उतरवली.

म्हणून शहर आपलं, असं मी म्हणत नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली आणि मोर्चावर वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं गेली. शहरात आपल्याला मारणारा पुष्कळदा खाकीत येतो. फरक एवढाच की तिथं दुसऱ्या दिवशी हजारो माणसं रस्त्यावर असतात, कॅमेरे असतात. तरी अधिकाऱ्याला शिक्षा व्हायला २००९ उजाडलं.

मायला मी कितीदा म्हणालो, चल माझ्याकडं. एकटी कशाला राहतीस? तर म्हणते, "नगं बाबा. तितं कोन कुनाला वळखत न्हाई. मारून टाकलं तरी पत्त्या लागायचा न्हाई."

"आणि इथं ज्यांनी मारलं त्यांची नावं तुला पाठ आहेत, त्याचं काय?"

"म्हनूनच तर ऱ्हाते. मी निघून गेल्यावर ती नावं कोन सांगंल?"

यावर मला बोलता येत नाही. ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्यांच्या दारावरनंच पाण्याला जाते.

तेव्हा पोरांनो, मोर्चे काढाच, पण जोडीला एक वही घाला. आपापल्या गावची, वस्तीची. काय झालं, कधी झालं, ठाण्यात गेलो का, काय लिहून दिलं, कुठलं कलम. चिठ्ठी हातात आली की आधी वाचा, अदखलपात्र आहे का बघा. १ जुलै २०२४ पासून जो नवा नागरिक सुरक्षा कायदा आला त्याच्या कलम १७३ नं कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, तालुक्याचंच ठाणं धरून बसायचं कारण नाही. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षकाच्या खालच्या माणसानं करायचा नाही, असा १९९५ चा नियम आहे. आणि अकस्मात मृत्यूच्या नोंदी मागा. विहीर, गळफास, साप, वीज. त्यांत आपली माणसं किती, ते मोजा. हा आकडा दिल्ली छापणार नाही.

मी माझ्या मावसबहिणीपासून सुरुवात केलीय. गेल्या वर्षी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागितला. उत्तर आलं, दप्तर सापडत नाही. अपील केलंय. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे, मायला घेऊन जाणार आहे. त्या पंचनाम्यावर पंच म्हणून कुणाच्या सह्या आहेत, ते मला बघायचंय.