ससा, कासव आणि संख्यांचा फेरा

मी मराठीचा शिक्षक. अंकांशी माझा संबंध हजेरीपटापुरता. पण आमच्या सरकारी शाळेतील दहावीच्या दोन मुली प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धेची तयारी करू लागल्या आणि त्यांचे एक कोडे मलाही स्वस्थ बसू देईना.

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचे नवल शोधले. संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढता क्रम वजा करावा आणि उत्तरावर हीच क्रिया करीत राहावे. सगळे अंक सारखे नसले, तर कोणतीही चार अंकी संख्या अखेर ६१७४ वर स्थिरावते. दोन भिन्न अंकांची संख्या मात्र फेऱ्यात सापडते. ५२ घ्या : २७, ४५, ०९, ८१, ६३ आणि पुन्हा २७! मग शंभर कोटी वजाबाक्यांनंतर कोणती संख्या येईल?

आलेली प्रत्येक संख्या टिपून ठेवावी, हा सरळ मार्ग. परंतु फेरा कोट्यवधी संख्यांचा असला तर? स्पर्धेत वेळ आणि संगणकाची स्मृती दोन्ही मोजूनच मिळतात. येथे रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती कामी येते. ५२ पासून कासव एकेक पाऊल टाकते, ससा दोन-दोन. फेऱ्यात शिरल्यावर दोघांतील अंतर दर खेपेस एकाने घटते. म्हणून ससा कासवाला ओलांडून जाऊच शकत नाही. पाचव्या खेपेस दोघे ६३ वर भेटतात. आता एकाला ५२ वर परत न्यावे आणि दोघांनाही एकेक पाऊल चालवावे. पुढची भेट २७ वर होते. तोच फेऱ्याचा आरंभ. तेथून एक प्रदक्षिणा मोजली की लांबी ५. पहिले पाऊल वगळून उरलेल्या पावलांना ५ ने भागल्यास बाकी ४. २७ च्या पुढे चार पावले म्हणजे ६३. शंभर कोटींचा हिशेब पाटीवर मावला!

"सर, मोठ्या शहरांतल्या मुलांपुढे आपला निभाव कसा लागणार?" असे त्या मुली विचारीत. शाळेत संगणक एकच, तोही जुना. पण अशा स्पर्धांत उत्तरे तपासली जातात ती संयोजकांच्या यंत्रावर. मर्यादा सर्वांना सारखीच. आणि या युक्तीला लक्षात ठेवावे लागतात ते दोनच मुक्काम : एक सशाचा, एक कासवाचा. तेवढी जागा आमच्या शाळेतही आहे.