ज्याला आधी कळलं

घरात एचआयव्ही निघाला की पहिला प्रश्न असतो, 'कुणी आणला?' औषधं कधी सुरू करायची, मुलांचं रक्त तपासलं का, हे सगळं नंतर. आणि दोष बहुतेकदा ज्याची तपासणी आधी झाली त्याच्या माथी मारला जातो. ती बहुधा बाईच असते, कारण दिवस गेल्यावर तिचं रक्त तपासलं जातं, नवऱ्याचं राहून जातं. अहवाल विषाणू आहे की नाही एवढंच सांगतो. दोघांच्या विषाणूंची जनुकीय तुलना केली तरी जवळीक दिसते. कोणाकडून कोणाकडे गेला, हे खात्रीने ठरत नाही.

आमच्या पनवेलला बोट दाखवायला आणखी एक जागा सापडली होती. कळंबोलीचा लोखंड बाजार, जेएनपीटी बंदराची वाट, तिथली ट्रकवाल्यांची रीघ. महिनोन् महिने घराबाहेर राहणाऱ्याला धोका जास्त, हे खरं. त्यांच्यापर्यंत कंडोम आणि तपासणी पोचवणं गरजेचंच होतं. पण 'जोखमीचा गट' म्हणता म्हणता लोकांच्या मनात तो गुन्हेगारांचा गट झाला.

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून सुटणारा महामार्ग पुढे गोव्यात म्हापशावरून जातो. बाधिताला गुन्हेगार ठरवणं तिथेही घडलं. त्या म्हापशाजवळच्या पर्रा गावातल्या डॉमिनिक डिसोझाला १४ फेब्रुवारी १९८९ रोजी पोलीस घेऊन गेले. त्याने कुणाला फसवलं नव्हतं, कुणाला लागण केल्याचा आरोपही नव्हता. त्याने रक्तदान केलं होतं, आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधिताला सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद होती. जुन्या क्षयरोग रुग्णालयात तो ६४ दिवस कोंडला गेला. त्याची आई लुसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. १९९२ मध्ये डॉमिनिक गेला. परोपकार करायला गेलेल्या माणसाला तपासणीची शिक्षा मिळाली, हे मला आजही सहन होत नाही. हे ऐकल्यावर आपणहून तपासायला कोण जाईल?

मग बाधिताची जबाबदारीच नाही का? आहे, आणि मी ती हलकी मानत नाही. स्वतःला ठाऊक असताना लपवून लग्न करणारा, उपचार टाळणारा, जोडीदाराला अंधारात ठेवून धोक्यात लोटणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगारच आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं २७१ आणि २७२ जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरवण्याबद्दल आहेत : निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत, दुष्ट हेतूला दोन वर्षांपर्यंत कैद. पण जबाबदारी एकाच्या खांद्यावर टाकून भागत नाही. कंडोमचा आग्रह दोघांनी धरायचा असतो, रक्त दोघांनी तपासायचं असतं. केवळ जाणत्याला शिक्षा आणि अजाण राहणाऱ्याला मोकळीक, असा कायदा राबवला तर अजाण राहणंच शहाणपणाचं ठरतं.

२०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा मला म्हणूनच समंजस वाटतो. लागण कशी होते हे ठाऊक असलेल्या बाधिताने ती टाळण्यासाठी वाजवी काळजी घ्यावी, असं तो सांगतो. त्यासाठी धोका कमी करण्याचे उपाय योजता येतात किंवा संबंधाआधी सांगता येतं. मात्र सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढलं जाईल अशी रास्त भीती असलेल्या बाईला लैंगिक संबंधांच्या बाबतीत या बंधनातून तो सूट देतो. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी अशी घरं पाहिली असणार.

विज्ञानही पुढे गेलं आहे. २००४ पासून सरकारी एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रांत गोळ्या मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली आला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. म्हणून पोलिसांनी तक्रार लिहून घेताना 'एचआयव्ही आहे का' एवढ्यावर थांबू नये. कधी कळलं, औषधं चालू होती का, कंडोम वापरला होता का, मुद्दाम फसवलं का, हे विचारलंच पाहिजे. आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर बाधिताचं खरं नाव झाकून, बंद दाराआड सुनावणी घेण्याची सोय २०१७च्या त्याच कायद्यात आहे. ती पनवेलच्या न्यायालयातही मागता येते. वकिलांनी पहिल्याच तारखेला मागावी.