मुकी झालेली गाडी

यंत्र चालत असतें तोंपर्यंत तें घरांत आहे याची आपणांस आठवणहि नसते. तें बंद पडलें म्हणजे मात्र घरांतील प्रत्येकाचा स्वभाव त्याच्याभोंवतीं उघडा पडूं लागतो. गेल्या माघांत आमच्या घरीं एका लहानशा यंत्रानें तीन दिवस असहकार पुकारला, आणि त्यांत यंत्रापेक्षां माझीच परीक्षा अधिक झाली.

आम्ही अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें राहतों. हिंवाळ्यांत येथें पारा शून्याच्या खालीं २० अंश सेल्सिअसपर्यंत सहज उतरतो. अशा वेळीं रात्रभर उघड्यावर उभी असलेली मोटार म्हणजे बर्फाची पेटीच. म्हणून पुष्कळ लोक आपल्या गाडीला मागाहून एक उपकरण बसवून घेतात. त्याला रिमोट स्टार्टर म्हणतात. घरांत बसून हातांतील कळ दाबावी, बाहेर इंजिन सुरू व्हावें, आंतील हवा तापावी, कांचेवरचें हिम सुटावें, आणि दहा-पंधरा मिनिटांनीं आपण जाऊन बसावें, असा त्याचा उपयोग. आमच्या आईनें या क्रियेला 'गाडीला हांक मारणें' असें नांव ठेवलें आहे. तिच्या लहानपणीं गांवच्या मोटारीचा क्लीनर पहाटे पुढच्या बाजूस हँडल घालून घामाघूम होईपर्यंत फिरवीत असे, तें तिला आठवतें. हँडल उलट फिरलें तर मनगट मोडावयाचें. केटरिंग या अमेरिकन शोधकानें तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना बसविण्यांत आला, आणि तेव्हांपासून हळूहळू हा जाच संपला. आतां तर गाडीपाशीं जाण्याचेंहि कारण उरलें नाहीं!

परंतु आमच्या घरीं ही चैन नव्हे. आई ७८ वर्षांची आहे, आणि तिला दमा आहे. अतिशय गार हवा छातींत गेली कीं तिच्या श्वासनलिका आकसतात. त्यामुळें ऊबदार गाडी ही आम्हांस तिच्या औषधाइतकीच आवश्यक. गाडी आम्ही मुद्दाम गॅरेजबाहेर उभी करतों. बंद गॅरेजांत इंजिन चालूं राहिलें तर कार्बन मोनॉक्साइड वायु सांचतो, आणि त्याला रंग नसल्यामुळें व वास नसल्यामुळें तो घरांत शिरला तरी कोणास कळत नाहीं.

त्या सोमवारीं सकाळीं ८ वाजतां आईला डॉक्टरांकडे न्यावयाचें होतें. मीं कळ दाबली. गाडीचे दिवे लुकलुकले, पण इंजिन मुकेंच राहिलें. पुन्हां दाबली, पुन्हां तेंच. शेवटीं बाहेर जाऊन किल्लीनें गाडी चालूं केली. ती तत्काळ चालूं झाली, पण तापण्यास वेळ नव्हता. आई शालींत तोंड झांकून त्या गारठ्यांत बसली, आणि दोन वळणें जातात न जातात तोंच तिला धाप लागली. औषधाचा फवारा घेतल्यावर पंधरा मिनिटांनीं श्वास ठिकाणावर आला. तीं पंधरा मिनिटें मला फार लांब वाटलीं.

भीतीचें रागांत रूपांतर होण्यास वेळ लागत नाहीं, आणि रागाला कोणीतरी धनी लागतो. शनिवारीं आमचा ११ वर्षांचा धाकटा रिमोट खिशांत घालून खेळावयास गेला होता, व तो बर्फांत पडला असें त्यानें आपण होऊनच सांगितलें होतें. संध्याकाळीं मी त्याच्यावर कडाडलों. "तुझ्या निष्काळजीपणामुळें आज आजीचा जीव कासावीस झाला!" पोर कांहीं बोललें नाहीं. ताटावरून अर्धपोटीं उठून गेलें. सौ. म्हणाली, "आधीं काय बिघडलें आहे तें पाहा तरी." मीं ऐकलें नाहीं.

मंगळवारीं मीं रिमोटमधील ३ व्होल्टची चपटी बॅटरी बदलली. फरक नाहीं. कपाटांतील दुसरा रिमोट आणला. त्यालाहि गाडीचें उत्तर तेंच. गाडी दुसऱ्याच्या हातीं सोंपवितांना हें उपकरण तात्पुरतें बंद ठेवण्याची जी सोय असते, ती चुकून चालूं झाली काय, तेंहि पाहिलें. नव्हती झाली. मोटारीची मोठी बॅटरी मीटरनें मोजली, ती १२.५ व्होल्ट भरली. बाहेर थंडींत बोटें बधिर होत होतीं, आणि माझ्या मनांतील आरोपाचा पायाहि एकेक चिरा ढांसळत होता. दुसऱ्या रिमोटनेंहि तेंच घडत असेल तर पहिला पडल्यानें काय बिघडलें? शिवाय कळ दाबतांच दिवे लुकलुकत होते. म्हणजे हांक गाडीला ऐकूं जात होती. गाडी बहिरी नव्हती. ती नकार देत होती.

हें माझ्या ध्यानांत येण्यापूर्वींच दुसऱ्या कोणाच्या तरी तें आलें होतें. रात्रीं धाकटा दाराशीं उभा राहून हळूच म्हणाला, "बाबा, दिवे दर वेळीं सहा वेळांच लुकलुकतात." मीं उपकरणाची पुस्तिका शोधून काढली. तींत कोष्टक होतें. इंजिन सुरू न होण्याचें कारण गाडी दिव्यांच्या संख्येनें सांगते, आणि आमच्या उपकरणांत सहा म्हणजे 'बॉनेट उघडें आहे'. पण बॉनेट तर घट्ट बंद होतें!

बॉनेटखालीं एक स्प्रिंगची खुंटी असते. बॉनेट मिटलें कीं ती दाबली जाते; उघडलें कीं वर येते, तिची तार गाडीच्या धातूशीं जोडली जाते आणि उपकरण इंजिन सुरू करण्यास नकार देतें. शेजारच्या गृहस्थांनीं सल्ला दिला कीं ती तार कापून टाका, म्हणजे काम झालें. मला मोह झाला. पण सौ. म्हणाली, "तुम्हीं आंत हात घातला असतांना घरांतून कोणीं कळ दाबली तर?" फिरत्या पंख्याचें व पट्ट्याचें चित्र डोळ्यांपुढें आलें, आणि मीं कात्री खालीं ठेवली. तो पहारा आमच्याच बोटांसाठीं होता.

बुधवारीं मीं मीटर लावून पाहिलें. खुंटी बोटानें दाबली कीं जोड तुटे, सोडली कीं जुळे. म्हणजे खुंटी शाबूत होती. मग दोष कोठें? आई खिडकींतून पाहत होती. ती म्हणाली, "झांकण तिथवर पोंचतें तरी का? कणकेची गोळी ठेवून बघ." मीं खुंटीच्या माथ्यावर कणकेची गोळी बसविली, बॉनेट मिटलें, पुन्हां उघडलें. गोळी होती तशीच गोल! खुंटी ज्या पत्र्यावर बसविलेली असते तो पत्राच खालीं वांकला होता.

तो कोणीं वांकविला, हें आठवण्यास मला क्षणहि लागला नाहीं. रविवारीं संध्याकाळीं समोरची कांच धुण्याचें निळें पाणी भरतांना मीं पावणेचार लिटरचा तो भरलेला डबा क्षणभर त्याच पत्र्यावर टेकविला होता.

पकडीनें पत्रा सरळ केला, बॉनेट मिटलें, आणि घरांत येऊन कळ धाकट्याच्या हातीं दिली. त्यानें दाबली, आणि गाडी गुरगुरली. तो हंसला, मला हंसूं आलें नाहीं. रात्रीं जेवतांना सर्वांदेखत मीं त्याला सांगितलें, "चूक माझी होती. मीं तुला उगाच बोललों." वडिलांनीं मुलापाशीं असें बोलावें हा आमच्या घरांतला रिवाज नव्हे. माझ्या वडिलांनीं तें कधीं केलें नाहीं, आणि म्हणूनच तें वाक्य तोंडांतून निघण्यास जड गेलें. धाकट्यानें मान खालीं घालून नुसतें "हो" म्हटलें आणि भाताचा पुढचा घांस घेतला.

आईनें मात्र सोडलें नाहीं. ताक वाढून घेतां घेतां ती म्हणाली, "अरे, गाडी सहा सहा वेळां सांगत होती, पोरानें पहिल्याच दिवशीं खरें सांगितलें होतें. ऐकावयाचें तेवढें तुझें राहिलें."

आतां सकाळीं गाडीला हांक मारण्याचें काम धाकट्याकडे आहे. तो खिडकीशीं उभा राहून कळ दाबतो, दिवे मोजतो, आणि इंजिन लागलें म्हणजे आजीला तिची शाल नेऊन देतो.