समुद्रात रोलबॅक नसतो

आमच्या धंद्यात एक वाक्य रोज कानावर पडतं. "आत्ता लाइव्ह जाऊ दे, पॅच नंतर देऊ." यात गैर काही नाही म्हणा. पण हल्ली मला पाणबुड्यांच्या बॅटऱ्यांबद्दल वाचायचा नाद लागलाय, आणि तिथे हे वाक्य अजिबात चालत नाही!

मार्च २०२० मध्ये जपानच्या नौदलात 'ओर्यू' दाखल झाली. लिथियम-आयन बॅटऱ्यांवर चालणारी ही जगातली पहिली मोठी पाणबुडी. फायदा उघड आहे. तेवढ्याच जागेत जास्त ऊर्जा, चार्जिंग झटपट.

मग भीती कसली? एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झालं की तो तापतो, पेट घेणारे वायू सोडतो आणि शेजारच्या सेललाही तापवतो. मग त्याचा शेजारी... उष्णता सेलच्या आतच तयार होत असते, त्यामुळे नुसती हवा तोडून भागत नाही, सतत थंड करत राहावं लागतं. घरात असं झालं तर आपण जिना उतरून पळू. पाण्याखाली कुठे पळणार?

नोव्हेंबर २००८ मध्ये पर्ल हार्बरला अमेरिकी नौदलाच्या एका छोट्या पाणबुडीने चार्जिंग चालू असताना पेट घेतला. बॅटरी लिथियम-आयनच. २००९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला गेला.

"मग जुनंच बरं की!" तसंही नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला आपल्या 'सिंधुरक्षक'वर आग लागली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. तिथे लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरवाल्या जातीतल्याच. सदोष व्हॉल्व्हमधून हायड्रोजन गळाला, असं कारण पुढे आलं.

म्हणजे प्रश्न नवं की जुनं हा नाहीच. 'सेल बिघडणार नाही' असं धरून चालायचं, की 'एखादा बिघडणारच' असं, हा आहे. दुसरं धरलं की कामाला लागता येतं. सेलचं व्होल्टेज आणि तापमान बघणारी यंत्रणा, दोन सेलमध्ये उष्णता अडवणारा थर, वायूला बाहेर जायला वाट. आणि मुद्दाम एक सेल पेटवून शेजारचा वाचतो का, हे आधी जमिनीवर बघणं.

डेडलाइन जवळ आली की आमच्याकडे पहिली कात्री टेस्टिंगलाच लागते. एखादं पान उघडलं नाही तर शिव्या खायच्या, रोलबॅक करायचा. पाणबुडीत झोपलेली पोरं मात्र आपल्याच वयाची असतात, आणि बॅटरी त्यांच्या पायाखाली असते. तिच्या टेस्टिंगचे दिवस कुणी कापू नयेत, एवढंच.