वळवाच्या आधी

चैत्र सरत आला की जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावरच्या बाभळी डिंकाळतात. कुऱ्हाडीचा जुना घाव, अळीने पोखरलेलं खोड, वाऱ्याने फाटलेली फांदी, जिथे झाड दुखावलं असेल तिथे रस पाझरतो आणि उन्हाने घट्ट होतो. आपली जखम बुजवायला झाडाने काढलेला हा रस माणसं खातात. ताजा खडा मधाच्या रंगाचा, मऊ असतो. दाताला चिकटतो, गोडही नसतो आणि तुरटही पुरता नसतो. तरी शेळ्यांमागची पोरं तो दुपारभर चघळतात. काळपट, सालीचे तुकडे धरलेला डिंक जिभेला तुरट लागतो, तो वेगळा ठेवायचा. घाई मात्र करावी लागते. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. वळवाची एक जोराची सर आली की खोडावरचा ऐवज मातीत जातो.

म्हणून जाणत्या बाया वैशाखातच तो वेचून, वाळवून डब्यात भरतात. थंडीत तूप तापतं, खडे लाह्यांसारखे फुलतात आणि खोबरं, खारीक, गूळ यांच्यासोबत बाळंतिणीच्या लाडवात जातात. दुकानात धावड्याच्या डिंकाचा मान मोठा. पण ज्या घरी पैसा बेताचा, तिथल्या बाळंतिणीची कंबर माळावरच्या बाभळीनेही सावरली आहे.

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत गेलं तरच कळतात. नाणेघाट, भीमाशंकरकडे पाऊस कोसळतो. तिथे महादेव कोळी कुटुंबं बाळहिरडा वेचून वर्षाची मीठमिरची भागवतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली तेव्हा किती घरांचा आधार गेला, हे तिथल्या लोकांनाच ठाऊक. पूर्वेला बेल्हे, आणे इथे सह्याद्रीने पाऊस अडवलेला. उरतं ते गवत, बोर, हिवर आणि बाभूळ. बोरं थंडीत, डिंक आणि शेंगा उन्हाळ्यात.

या शेंगा माणसाच्या तोंडच्या नव्हेत, पण माणसाच्या पोटाशी त्यांचा थेट संबंध आहे. कुसळी वाळून गेलेली, विहिरी तळाला, अशा दिवसांत मेंढपाळ आकडीने फांद्या हलवतो आणि मेंढ्या मण्यांच्या माळेसारख्या त्या राखी शेंगांवर तुटून पडतात. बी त्यांच्या पोटातून जाऊन लेंडीसोबत शेतात पडतं आणि पुढे तिथे बाभूळ उगवते. झाड, जनावर, शेत यांचा हा व्यवहार कुणी कागदावर मांडलेला नाही. कागदावर अशी काटेरी झुडपांची जमीन ‘पडीक’ म्हणून मोजली जाते, आणि त्या शब्दाचा मला मनापासून राग आहे.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी ओव्या, कथा, चरित्रं यांतल्या वनस्पतींचे उल्लेख धुंडाळले आणि पश्चिम महाराष्ट्राचा गवताळ काटेरी माळ किमान साडेसातशे वर्षांपासून असाच आहे, असं 2025 मध्ये मांडलं. म्हणजे हे उजाड झालेलं जंगल नव्हे. माळ म्हणूनच तो जुना आहे. तिकडे सुदानमध्ये बाभळीच्याच कुळातल्या हशाब झाडाचा डिंक शीतपेयांत, गोळ्यांत, औषधांत जातो. 1997 मध्ये अमेरिकेने सुदानवर निर्बंध घातले, तेव्हा या डिंकाला मात्र सूट दिली. कोरड्या माळावरच्या काटेरी झाडाची किंमत जगाला अशी कळलेली आहे.

कुकडी प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी आलं तिथे ऊस, कांदा आला आणि बांधावरच्या रामकाठी बाभळी गेल्या. पाण्याला नाव ठेवू नये. त्याने घरं उभी केली. पण बांधावरची बाभूळ पिकाला सावली करते म्हणून तोडणाऱ्याने तिच्या डिंकाचा, शेंगांचा, औताच्या लाकडाचा हिशेबही धरायला हवा. आणि माळ हिरवा करायचा म्हणून कुणी उपरी रोपं घेऊन आणे पठारावर निघालं, तर त्याला थांबवा. आधी तिथल्या शेळ्या वळणाऱ्या बाईला विचारू द्या, कुठल्या झाडाखाली काय मिळतं ते.