आईचा ताळा आणि माझा एडिटर

आमच्या घरापासून माझं ऑफिस चालत बारा मिनिटांवर आहे. येरवड्यात राहायचं आणि येरवड्यातल्याच आयटी पार्कात कोड लिहायचा, असे आम्ही थोडेच. टीममधले बाकीचे वाकड, बाणेर, हडपसरहून तासभर ट्रॅफिक झेलत येतात आणि मला म्हणतात, ‘लकी आहेस लेका.’ आमच्या गल्लीतून त्या पार्कात रोज जाणारे तसे बरेच आहेत, पण त्यातल्या बहुतेक जणी हाऊसकीपिंगला. त्या सकाळी सातला जातात, मी साडेनऊला.

हे आधी सांगतोय, कारण कोड कुठल्या एडिटरमध्ये लिहायचा हा प्रश्न माझ्यासाठी कधीच नुसता कोडचा नव्हता.

इंजिनिअरिंगला असताना लॅबमध्ये टर्बो सी होतं. तो निळा स्क्रीन माझ्या वयाच्या कित्येकांनी पाहिला असेल. दुसऱ्या वर्षाला पप्पांनी एक सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला, रॅम २ जीबी. वर्गात दोघा-तिघांकडे मॅकबुक होते. काळ्या स्क्रीनवर रंगीत अक्षरं, बाजूला फाइलींची यादी, एकदम सिनेमातल्या हॅकरसारखं. त्या काळात ॲटम नावाच्या एडिटरची चलती होती, म्हणून मीही तो टाकला. माझ्या लॅपटॉपवर तो उघडेपर्यंत चहा करून प्यायचा वेळ मिळायचा. घरी सगळा कोड मी आयडलमध्ये लिहायचो. आयडल म्हणजे पायथनसोबत आपोआप येणारा अगदी साधा एडिटर. पण प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी दहा मिनिटं आधी जाऊन ॲटम उघडून ठेवायचो. आयडल पाहून कुणी हसू नये म्हणून.

पुढे १५ डिसेंबर २०२२ ला गिटहबने ॲटम कायमचा बंद केला. तोवर मला नोकरी लागून साडेतीन वर्षं झाली होती आणि मी विमपर्यंत पोचलो होतो. विमचं मूळ असलेला व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिला. त्यावरून ब्राम मोलेनार यांनी विम तयार केला आणि १९९१ साली लोकांसाठी खुला केला. विममधून बाहेर कसं पडायचं हाच नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, त्यावर शेकडो मीम आहेत. ज्याला बाहेर पडता येतं त्याला आपण वरच्या वर्गात गेलो असं वाटतं. मलाही वाटलं. मग निओविम, त्याची थीम, त्याचे फॉन्ट, त्याचे प्लगइन. एका दिवाळीआधी मी सलग तीन रात्री जागून एडिटर सजवला. चौथ्या दिवशी आईने पहिल्यांदाच माझ्याकडे कोड मागितला.

म्हणजे तिने कोड मागितला नाही. ती म्हणाली, “अरे, तू एवढा रात्र रात्र बसतोस, तर आमचा हिशेब करून दे की त्याच्यावर.”

आई आमच्या भागातल्या एका महिला बचत गटाची सचिव आहे. शेजारचे आणखी दोन गट मिळून ५८ बायका. महिन्याला प्रत्येकीचे २०० रुपये, आणि दिवाळीच्या आधी वाटप. म्हणजे एकीचे वर्षाचे २४०० आणि सगळ्यांचे मिळून १,३९,२००. व्याजाचा हिशेब वेगळा. नोंदी गटाच्या रजिस्टरमध्ये असतातच, पण दर महिन्याला कोण किती भरलं याचा मेसेज व्हॉट्सॲपवरही टाकतात. मला वाटलं, मेसेज एक्स्पोर्ट करू, पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहू, नावानुसार बेरीज आणि प्रिंट. अर्ध्या तासाचं काम.

पायथनचं एक कौतुक नेहमी सांगितलं जातं. खेळण्याच्या खोक्यावर ‘बॅटरी सोबत’ असं लिहिलेलं असतं, तशी या भाषेसोबत बरीच मॉड्यूल आधीच येतात. मजकुरातून नावं शोधायला त्यातलंच आरई नावाचं मॉड्यूल मी घेतलं. त्यात बॅकस्लॅशपुढे डब्ल्यू लिहिलं की ‘शब्दातलं अक्षर’ असा अर्थ होतो. इंग्रजीवर हे वर्षानुवर्षं वापरलं होतं. चाचणीसाठी ‘येरवडा’ हा शब्द दिला. उत्तर आलं, दोन तुकडे: ‘य’ आणि ‘रवड’.

मात्रा गेली, काना गेला. आधी वाटलं माझंच काहीतरी चुकलं. मग कळलं की युनिकोडमध्ये य, र, व, ड यांची नोंद ‘अक्षर’ अशी आहे आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण यांची नोंद ‘चिन्ह’ अशी. आरईच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. चिन्ह दिसलं की त्याचा शब्द तिथे संपतो. लांबी मोजणाऱ्या लेन फंक्शनला विचारलं तर ‘येरवडा’ सहा भरतो. पहिलीतलं पोर चार म्हणेल, आणि पोराचं बरोबर असेल.

यावर उपाय आहे. रेजेक्स नावाची बाहेरची लायब्ररी मात्रांना शब्दाचाच भाग मानते आणि तिच्यात पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं मोजायचीही सोय आहे. ती टाकली आणि येरवडा पुन्हा जोडला गेला. मला लायब्ररी निवडता येते असं त्या रात्री वाटलं. त्या आनंदात मी बेरजेसाठी पांडासही घेतलं. लाखो ओळींचा डेटा हाताळायला लोक वापरतात ते हत्यार, माझ्या ५८ बायकांसाठी. गरज होती म्हणून नाही, ऑफिसात तेच वापरतो आणि हात बसलाय म्हणून. मुख्य यादी एका बाजूला, मेसेजमधल्या रकमा दुसऱ्या बाजूला, नावावरून दोन्ही जोडायच्या. दोन ओळींत झालं.

सकाळी आईने प्रिंट हातात घेतली आणि चष्मा शोधायला लागली. “थांब, ताळा करून घेते.”

मी म्हणालो, “कॉम्प्युटरने केलंय गं, ताळा कशाला?”

हे वाक्य मला आजही ऐकू येतं. आईने चष्मा परत ठेवून दिला. मुलावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी समाजमंदिरात मिटिंग होती. मीही गेलो होतो, खरं सांगायचं तर कौतुक ऐकायला. नावं वाचत पाकिटं वाटणं चाललं होतं. एक काकू आहेत, त्यांच्या आडनावात ‘ऱ्हा’ येतो, आपण त्यांना ऱ्हावाल्या काकू म्हणू. त्या आमच्याच इमारतीत हाऊसकीपिंगला आहेत, माझ्या दोन मजले खाली. त्यांनी पाकीट उघडलं, मोजलं, परत मोजलं. मग आईकडे न जाता माझ्याकडे आल्या आणि हळूच विचारलं, “बाळा, माझे हजार रुपये कुठं गेले रे?”

यादीत त्यांच्या नावापुढे १४०० होते. मी सवयीने म्हणालो, “काकू, काही महिने राहिले असतील तुमचे.” त्या काही बोलल्या नाहीत. त्यांचा चेहरा असा झाला की मला कुठे बघावं कळेना. चारचौघींत बाई हप्ता बुडवते असं मी म्हटलं होतं, आणि तेही मोठ्या आवाजात.

आईने पिशवीतून रजिस्टर काढलं. त्यात बाराही महिन्यांपुढे काकूंच्या सह्या होत्या. मग तिने तिथेच, सतरंजीवर बसून, माझ्या प्रिंटच्या पानाची बेरीज केली. १,३८,२००. “हजाराचा फरक आहे,” ती म्हणाली. तिला चार मिनिटं लागली असतील. स्वतःच्या घरखर्चातून हजार काढून तिने काकूंचं पाकीट पुरं केलं आणि मिटिंग पुढे चालू झाली. घरी येईपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

रात्री मी शोधत बसलो. चूक सापडली ती डोळ्यांना दिसणारी नव्हतीच. ‘ऱ्हा’ लिहायच्या दोन पद्धती आहेत. एकीत ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधाच ‘र’, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे शून्य रुंदीचं, न दिसणारं एक जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. कुठली पद्धत वापरली जाणार हे कीबोर्ड ठरवतो. पहिले सात महिने मेसेज आई टाकायची. नंतरचे पाच महिने दुसऱ्या एका ताईंनी टाकले, त्यांच्या फोनवर कीबोर्ड वेगळा. संगणकाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका. दुसरी मुख्य यादीत नव्हती, म्हणून जोडताना पांडासने तिच्या पाच ओळी गाळल्या. एरर नाही, सूचना नाही. मी त्याला जसं जोडायला सांगितलं होतं त्याचा अर्थच तो होता. काय जुळलं आणि काय नाही हे दाखवायचा पर्यायही त्यात आहे, तो मी चालू केला नव्हता. युनिकोडचं प्रमाणीकरण करूनही हा घोळ सुटत नाही, कारण नियमाप्रमाणे ही दोन रूपं एक मानलेलीच नाहीत. ‘ॲ’ची तीच गत. तो एकाच खुणेने लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही.

दुसऱ्या दिवशी मी स्क्रिप्ट नव्याने लिहिली. पांडास काढून टाकलं, पायथनसोबत येणारं सीएसव्ही मॉड्यूल पुरलं. नावं सारखी करायला पाच ओळींचं फंक्शन. यादी अकारविल्हे लावायलाही छोटं फंक्शन, कारण पायथन ‘ळ’ला ‘ल’नंतर बसवतो आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’ आपल्याला शेवटी लागतात तर तो त्यांना ‘क’ आणि ‘ज’मध्ये घालतो. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: आत आलेली रक्कम आणि बाहेर पडणारी रक्कम सारखी नसेल तर प्रिंटच काढू नकोस. ऑफिसात आम्ही त्याला असर्ट म्हणतो, टेस्ट म्हणतो, त्यावर तास-तास चर्चा करतो. आई त्याला ताळा म्हणते आणि चौथीपासून करते.

त्यानंतर कधीतरी येरवड्याविषयी वाचताना चरख्यापाशी अडकलो. आमच्या भागाचं नाव असलेलं एक अवजार आहे, हे मला माहीतच नव्हतं. १९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. पेटीत घडी होणाऱ्या, हातात धरून कुठेही नेता येणाऱ्या चरख्यावर त्यांनी तिथे काम केलं, त्याला पुढे ‘येरवडा चक्र’ असं नाव पडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, चरखा संघाने नव्या चरख्यासाठी १ लाखाचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी वाचून मी थक्क झालो. यंत्र भारतात बनावं, किंमत १५० रुपयांच्या वर जाऊ नये. बाईला फार कष्ट न होता आठ तास चालवता यावं. निगा राखली तर २० वर्षं टिकावं, आणि झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पण लायब्ररी निवडायला याहून चांगली प्रश्नावली मी अजून पाहिलेली नाही.

पायथनच्या सार्वजनिक भांडारात आज ५ लाखांहून जास्त पॅकेज आहेत. एक ओळ टाइप केली की हवं ते घरात. पण आपण विचारतो ते, गिटहबवर किती स्टार आहेत. दुरुस्ती कोण करणार हे विचारत नाही. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगात लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं आणि त्यावर टेकलेले हजारो प्रकल्प काही तास अडले. ११ ओळी कुणीही लिहू शकलं असतं. म्हणून आता मी स्वतःला तीन गोष्टी विचारतो. भाषेसोबत जे येतं त्यात भागतंय का? ही लायब्ररी उद्या बंद पडली तर मला किंवा माझ्यानंतरच्या माणसाला ती सोडवता येईल का? आणि ती चुकली तर बोलेल की गप्प बसेल? रेजेक्स या तिन्हींतून पास होते, कारण तिच्याशिवाय माझं गाव मोडतं. पांडास उत्तमच आहे, पण ५८ नावांसाठी नाही. एडिटरला मात्र यातला एकही प्रश्न लागू नाही. ज्यात हात चालतो तो चांगला. मी अजून निओविमच वापरतो, फक्त तो उघडा दिसावा म्हणून स्क्रीन वळवून बसत नाही.

ऱ्हावाल्या काकूंची माफी मागायला मला आठवडा लागला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये भेटल्या. मी म्हणालो, “काकू, तुमची चूक नव्हती, माझी होती.” त्या म्हणाल्या, “ते मला तेव्हाच माहीत होतं. पण तू सगळ्यांसमोर बोलला होतास.” पुढच्या मिटिंगला मी गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं. न दिसणाऱ्या चिन्हाबद्दल सांगायला लागलो तेव्हा कुणाला फारसं कळलं नाही, पण काकूंनी मान डोलावली.

या वर्षी त्यांची मुलगी हिशेबाला मदत करते. बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्याकडे कुणाचा तरी जुना लॅपटॉप आहे. तिने विचारलं, “दादा, कोड लिहायला काय टाकू? कॉलेजमधली मुलं कायकाय वापरतात.” माझ्या तोंडावर चार नावं आली होती. मी लॅपटॉप जवळ ओढला, पायथन टाकलं, आयडल उघडलं आणि म्हणालो, “याच्यात सुरू कर. कुणी हसलं तर मला सांग.”

तिने पहिली ओळ टाइप केली, आईचं पूर्ण नाव, त्या ‘ऱ्हा’सकट. मग माझ्याकडे बघून विचारलं, “हे कुठलं ऱ्हा आलं?”