किकरीच्या मुलखात

मुदखेडहून निघालेली आगगाडी किनवट मागे टाकून तेलंगणात शिरते, तेव्हा राज्य बदलते. बोली मात्र लगेच बदलत नाही. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. प्रांतरचनेत ते मुंबई राज्यात आले आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. तेथील मराठी घरे होती तेथेच राहिली.

आम्ही या मुलखात गेलो ते किकरीसाठी. गोंडांचे पिढीजात गायक जे परधान, त्यांचे हे तीन तारांचे, गजाने वाजवावयाचे वाद्य. लाकूड पोखरून वर कातडे मढवितात.

जुनी वाद्ये मिळविण्याचा छंद जगभर आहे. १९५८ ते १९६० या काळातील गिब्सनच्या ‘लेस पॉल’ विजेच्या गिटारीसाठी शौकीन कोटीच्या घरातही किंमत मोजतात. जो पैसे देईल तो मालक. मग तिच्यावर काय वाजवावे ही त्याची मर्जी. किकरीचा न्याय निराळा. परधानाचे घराणे विशिष्ट गोंड कुळाशी बांधलेले असते. त्या कुळाच्या ‘पेर्सा पेन’ या थोर देवतेच्या पूजेत आणि मर्तिकात त्याने कुळाची कथा गावयाची, यजमानाने धान्य, वस्त्र, प्रसंगी गुरे द्यावयाची. हिरासुका नावाच्या आद्य परधानाने गुहेत कोंडलेले गोंडांचे देव सोडविताना प्राण दिला, असे कथा सांगते.

चाळीसच्या दशकात मारलवाई गावी राहिलेल्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने ही परंपरा नोंदवून ठेवली. गोंडांच्या जमिनी परक्यांच्या हाती गेल्या, तसे परधानांचे दानही आटले. मात्र आम्हांस विशेष वाटले ते निराळेच: या परधानांची घरची भाषा मराठी, आणि गाणे गोंडीत!

केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत एका वृद्ध परधानांना आम्ही विचारले, “बाबा, अशी किकरी विकत मिळेल काय?” ते मराठीतच म्हणाले, “लाकूड कोणीबी कोरून देईल. पण तुम्ही गाणार कोणत्या कुळाचं?” मग त्यांनी गज आमच्या हाती दिला. आमच्याकडून नुसता खरखराट निघाला. त्यांच्या हाती तेच वाद्य गळ्यामागोमाग चालू लागले.

आपणही परमुलखात पिढ्यान् पिढ्या राहिलो. घरची भाषा सांभाळली, याचा अभिमान आपण बाळगतो आणि तो रास्तच आहे. परधानांनी तीही सांभाळली आणि शेजाऱ्याच्या कुळाची आठवणही त्याच्याच भाषेत जतन केली. ही दुसरी जबाबदारी आपणांपैकी किती जणांनी उचलली, हे ज्याने त्याने पाहावे.

जत्रा पौष अमावास्येच्या सुमारास भरते. आदिलाबादहून उटनूरच्या रस्त्याने निघावे. मुटनूरजवळून केसलापूरला फाटा जातो.